पळवाट

चंद्री पत्र्यावर चढली तेव्हा मी खाली बाजेवर बसून तिच्यावर झालेल्या खर्चाची बेरीज करत होतो. वर टण्णदिशी आवाज झाला, माझा हातचा एक राहिला, आणि मान वर करून बघतो तर गोठ्याच्या ऐन माथ्यावर ही उभी. चारी पाय एका ताटलीत मावतील एवढ्या जागेत, तोंड परळीकडं, आणि चेहऱ्यावर तालुक्याची पाहणी करायला आलेल्या साहेबाचा भाव. पत्रा नवा, भिंत नवी, जाळी नवी, फाटकाची कडी तर कालचीच. हे सगळं तिनं आत राहावं म्हणून होतं. ती आत नव्हती, हे खरं. पण बाहेरही नव्हती. वर होती. ‘वर’ ही दिशा माझ्या अंदाजपत्रकातच नव्हती.

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं खडू झिजवून मी सिरसाळ्यात निवृत्त झालो. बीड-परळी रस्त्यावरचं हे गाव निवृत्त मास्तराकडं दोनच नजरांनी बघतं. एक, याला पेन्शन आहे. दोन, याला उद्योग नाही. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की गावाला त्याच्याविषयी फार कळवळा येतो.

पंचतंत्रात एका ब्राह्मणाच्या खांद्यावरचा बोकड तिघा ठगांनी मिळून कुत्रा ठरवला आणि पळवला. माझ्या बाबतीत उलटं झालं. माझ्या खांद्यावर काहीच नव्हतं, तिघांनी मिळून त्यावर शेळी ठेवली. पहिला माझा पुतण्या. तो मोबाईलवर शेळीपालनाचे व्हिडिओ बघतो, म्हणजे त्याच्या मते तो शेळीपालनच करतो. “काका, शेळी म्हणजे चालतं-बोलतं एटीएम.” दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर निवृत्त झालेले एक गुरुजी भेटले. म्हणाले, “शेळी म्हणजे एटीएमच हो.” तिसऱ्या दिवशी स्टँडवर चहा पिताना शेजारच्या अनोळखी माणसानं आपण होऊन विषय काढला, “बप्पा, शेळी पाळा. एटीएम हाय.” तीन माणसं, तीन दिवस, एकच वाक्य. चौथ्या दिवशी मला आमच्या लिंबाखाली पैसे मोजल्याचा आवाज यायला लागला.

पुढं कळलं ते असं, की या यंत्रातून पैसे काढायच्या आधी ते बरेच दिवस भरावे लागतात.

पुतण्यानं कागदावर गणित मांडलं. सरकारी योजनेतला गट दहा अधिक एकचा, म्हणजे दहा शेळ्या आणि एक बोकड. शेळी पाच महिन्यांत विते, उस्मानाबादी जातीला जुळी सर्रास होतात, म्हणजे वर्षाकाठी शेळीमागं तीन करडं धरायची. निम्म्या माद्या. पहिल्या वर्षअखेर पंचवीस, मग बासष्ट, मग दीडशेच्या वर, आणि पाचव्या वर्षी जवळजवळ हजार. मी आयुष्यभर चक्रवाढ व्याज शिकवलं, पण ते बें बें करताना पहिल्यांदा ऐकलं. या गणितात एकही शेळी आजारी पडत नव्हती, चोरीला जात नव्हती, कुणाच्या सोयाबीनमध्ये शिरत नव्हती. मुख्य म्हणजे हजार शेळ्या सिरसाळ्यात उभ्या कुठं करायच्या, हा रकानाच त्यात नव्हता. मी त्याला म्हणालो, “आपण चार अधिक एकनं सुरुवात करू.” तो म्हणाला, “काका, तुमचा दृष्टिकोन लहान आहे.” दृष्टिकोन लहान नव्हता, पेन्शन लहान होती.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर माझा विद्यार्थी. (त्याच्याविषयी पुढं येईलच.) त्यानं मला क्रम नीट सांगितला होता: “गुरुजी, आधी कुंपण, मग गोठा, मग चारा, आणि सगळ्यात शेवटी शेळ्या.” मी हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि बाजाराच्या दिवशी शेळ्या घेऊन आलो.

शेळीचं वय दातांवरून कळतं एवढं मला माहीत होतं. पुढचे दुधाचे दात पडून मोठे दोन आले की साधारण सव्वा-दीड वर्ष, चार आले की दोन, सहा आले की तीन, आणि आठ दात जुळले की चार वर्षांची झाली. मी जाणत्या माणसासारखा एका काळ्याभोर शेळीचा जबडा उघडला. खाली दात होते, वर नुसती हिरडी. मी चार माणसांत आवाज चढवला, “ही म्हातारी आहे, वरचे सगळे दात पडलेत!” बाजार क्षणभर गप्प झाला. मग दलालानं काही न बोलता शेजारच्या शेळीचं तोंड उघडून दाखवलं, तिच्या शेजारचीचं दाखवलं, गाईचंही दाखवलं. या जातकुळीतल्या कुणालाच पुढचे वरचे दात नसतात, असू शकत नाहीत, तिथं नुसती टणक हिरडीच असते. “बघायचं का आणखी?” तो म्हणाला. तोवर माझा चेहरा दलालाला पुरेसा वाचून झाला होता.

पुढचा व्यवहार उपरण्याखाली झाला. दलाल कापडाआड तुमची बोटं धरतो, किती बोटं धरली त्यावर भाव. त्यानं माझी बोटं दाबली. मी गणिताचा मास्तर, पण हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. सौजन्य म्हणून मीही त्याची बोटं दाबली. भाव पाचशेनं वाढला.

शेळ्या मात्र अस्सल उस्मानाबादी मिळाल्या, हे कबूल केलं पाहिजे. काळ्या, उंच, लांब कानांच्या, ऊन अंगावर घेऊन बाभळीखाली निवांत रवंथ करणाऱ्या. मराठवाड्याच्या या जातीला मराठवाड्यासारखंच थोडक्यात भागवायची सवय आहे. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेडं बदलली. शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिला राजपत्र मिळालं असतं तर तिनं ते खाल्लं असतं.

चौघींत एकीच्या कपाळावर पांढरा टिळा, ती चंद्री. तिच्या गळ्याखाली दोन मांसल लोंबत्या गाठी होत्या, घुंगरासारख्या. ‘अजागळ’ हा शब्द इथून आला. संस्कृतात अजा म्हणजे शेळी, आणि तिच्या गळ्याला लोंबणारे ते अजागलस्तन. दिसायला सडांसारखे, पण दुधाचा थेंब नाही. म्हणून बिनकामाच्या माणसाला अजागळ म्हणायचं. सेवेत असताना मी हा शब्द मुबलक वापरला. दवाखान्यातला डॉक्टर हा त्याचा एक प्रमुख लाभार्थी होता. सातवीत असताना त्याला मी आठवड्याला दोनदा तरी अजागळ म्हटलं असेल.

आता परस. चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद, मधोमध लिंब, कोपऱ्यात पडकी न्हाणी. (आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब. पुण्याकडच्या वाचकांनी सरबताकडं वळू नये.) डॉक्टरनं मापं दिली: मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट, बोकडाला वीस, आणि बाहेर हिंडायला याच्या दुप्पट. माझ्या वर्गात एका पोराच्या वाट्याला एवढी जागा चौतीस वर्षांत कधी आली नव्हती.

पहिलं कुंपण स्वस्तातलं केलं. बाभळीच्या फांद्या आणून चांगली छातीएवढी कुपाटी घातली. पहिल्या दिवशी शेळ्यांनी पाला खाल्ला. दुसऱ्या दिवशी शेंगा. तिसऱ्या दिवशी कोवळी साल. चौथ्या दिवशी कुपाटीतून पलीकडच्या घरातली भांडणं स्वच्छ दिसायला लागली. कुंपणानंच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. माझ्या परसात रयतेनं कुंपण खाल्लं.

दुसरं काटेरी तारेचं. शेळ्यांनी त्याचं स्वागत केलं, कारण मान खाजवायला तोवर त्यांना काही नव्हतं. दोन तारांमधून करडू जातं, करडामागं आई जाते, आणि आईमागं बोकड. मागं राहतात ते माझ्या सदऱ्याचे तुकडे, कारण सगळ्यांच्या मागं मी जातो.

तिसरी जाळी. लोखंडी, चौकोनी भोकांची, पाच फूट उंच. आता मात्र जिंकलो असं वाटलं. त्या रात्री दोन वाजता अशी किंकाळी ऐकू आली की गल्लीत दिवे लागले. चंद्रीनं पलीकडची दोन पानं खायला जाळीत मुंडकं घातलं होतं. शेळीची शिंगं मागं वळलेली असतात, त्यामुळं मुंडकं जाताना लोण्यासारखं जातं आणि येताना दोन्ही शिंगं अडकतात. मी आतून ओढलं, पुतण्यानं बाहेरून ढकललं. अर्ध्या तासानं पक्कड आणून जाळी कापली. सुटल्यावर तिनं अंग झटकलं, चार पावलं गेली, आणि शेजारच्या भोकात मुंडकं घातलं.

शेळी मूर्ख म्हणून असं करते, असं मला वाटायचं. आता वाटतं, ती फक्त चिकाटीची आहे. मुळात हा डोंगरकड्यांवरचा प्राणी. माणसानं इराणच्या झाग्रोस डोंगरांच्या बाजूला दहाएक हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं म्हणतात. दहा हजार वर्षं झाली, करार झाला, चारा आला, लस आली, पण उभी जागा दिसली की पाय शिवशिवतात ते शिवशिवतातच. सपाटीवर आणून बसवलेल्या डोंगरवाल्याला कुंपण हे कुंपण वाटत नाही, पायरी वाटते. आणि सपाट नसलेला एखादा नियम दिसला तरी त्यात तिला वाट दिसते. गांधीजींचंच बघा. त्यांनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. १९१८ साली आमांशानं अंथरुणाला खिळले, डॉक्टर म्हणाले दुधाशिवाय अंग धरणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी कुठं होती? गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं, बरे झाले, आणि व्रताचा शब्द राखला पण आशय गमावला ही टोचणी आत्मकथेत लिहून ठेवली. गांधीजींच्या व्रतातून जिनं पळवाट काढली, तिच्यापुढं माझी दहा नंबरी जाळी ती काय!

शेवटी जाळीला खालून तीन फूट भिंत घातली. आमच्या भागात परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा सहज मिळतात. त्या विटांनी भिंतही झाली आणि गोठाही. गोठ्याच्या तोंडावरून मात्र मोठा वाद झाला. डॉक्टर म्हणाला, लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि वारा आरपार जातो. वास्तुशास्त्राचे एक जाणकार चहाला आले होते. ते म्हणाले, अग्नीचं वाहन मेंढा, मेंढ्याची चुलतबहीण शेळी, तेव्हा गोठा आग्नेयेला हवा. गवंडी दोघांचं ऐकून झाल्यावर विडी विझवत म्हणाला, “गुर्जी, न्हाणीची एक भिंत आयती हाय. तिलाच टेकवू.” गोठा न्हाणीला टेकला. पुतण्याला केरळातल्या व्हिडिओसारखा लाकडी फळ्यांचा उंच माचा हवा होता. फटींतून लेंड्या खाली पडतात, खुरं कोरडी राहतात. जिथं पाऊस धो धो पडतो तिथं ते ठीक. आमच्याकडं पाऊस हा बहुतेक करून बोलण्यातच पडतो. आम्ही मुरूम दाबला, पंधरवड्याला चुना भुरभुरायचं ठरवलं, आणि पत्र्यावर उन्हासाठी उसाचं पाचट टाकलं. वैशाखात बीडचा पत्रा एवढा तापतो की खालची शेळी विस्तवावाचून शिजेल. पाचटामुळं खाली गार झालं. वर मऊ झालं. वरचं मऊ कुणाच्या उपयोगी पडलं, ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

बोकडाविषयी थोडक्यात लिहितो, कारण सौ.नं तशी ताकीद दिली आहे. माजावर आला की हा प्राणी स्वतःच्या दाढीवर आणि तोंडावर लघवी करतो आणि शेळ्यांना हे अत्तर वाटतं. पहिल्या दिवशी मी त्याला गोंजारून घरात पाणी प्यायला आलो. सौ. म्हणाली, “अहो, एक तर तो या घरात राहील, नाहीतर तुम्ही.” तो तर घरात नव्हताच. म्हणून मग मीच आठ दिवस ओसरीवर झोपलो.

शेळी काहीही खाते, हीही एक अफवाच. तिनं माझं टपाल खाल्लं, छत्रीची कड खाल्ली, वर्तमानपत्रातली शेतीविषयक पुरवणी खाल्ली. पण पायाखाली पडलेला पाला ती तोंडात घेत नाही. सकाळी लिंबाची डहाळी टाकली, एकदा तिच्यावर पाय पडला की ती डहाळी शेळीच्या लेखी मेली. चारा अधांतरी टांगायचा, गव्हाण छातीच्या उंचीला ठेवायची, पाणी रोज बदलायचं. पाण्यात एक लेंडी पडली तरी चंद्री वास घेऊन माझ्याकडं अशी बघायची, जशी सौ. मी आणलेल्या भाजीकडं बघते.

आता जिजी.

जिजी माझ्या परसाच्या पलीकडं राहते. तिच्या चार शेळ्या आहेत, कुंपण शून्य. एक बाभळीचा खुंटा, चार दावी, वर पाचटाचं छप्पर, बस्स. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक-ट्रॉल्या भरून माणसं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी बारामतीच्या पट्ट्यात, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि उचल फिटेतो पाडव्यापर्यंत फडात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं, आणि पुष्कळदा वर एखादी शेळीही बांधलेली असते. मागं गावात उरतात म्हातारी माणसं आणि बाकीची जनावरं. जिजी दर हिवाळ्यात चार शेळ्या आणि एक नातू सांभाळते. नातवाची फी भरायची असली की एक बोकड विकते. तिनं एटीएम हा शब्द कधी उच्चारलेला नाही. तिच्याकडं तेच होतं, आणि त्यात कधी खडखडाट नसायचा.

माझी तिसरी जाळी बघून ती म्हणाली होती, “गुर्जी, एवढं लोखंड कशाला लावायलाव? आधी पोटभर घाला की. भरल्या पोटी कोण कुपाटी उडतंय?”

मी तिला पुस्तकातलं सांगितलं: मोठ्या शेळीला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळला, पाव किलो खुराक. तिनं ऐकून घेतलं. मग चंद्रीजवळ गेली, तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि म्हणाली, “डोळा पांढरा पडलाय. जंत हायेत हिला. तुमचा खुराक तेच खायलेत.” डॉक्टरनं येऊन तेच सांगितलं, फक्त औषधाचं नाव इंग्रजीत. पापणी लाल असली तर शेळीत रक्त आहे, पांढुरकी झाली तर जंत रक्त पीत आहेत. जगभरचे पशुवैद्य आता यासाठी रंगांचा तक्ता वापरतात. जिजीचा तक्ता अंगठ्यात होता.

वैशाखात आमच्या गल्लीत एका घरी लेकीचं लग्न निघालं. ऊसतोडीची माणसं परतलेली, हातात चार पैसे, सगळी लग्नं याच दिवसांत. आदल्या दिवशी मांडव घातला. आंब्याचे डहाळे, उंबराच्या, जांभळीच्या फांद्या, मुहूर्तमेढीला पंचपालवीचं देवक बांधलेलं. रात्री जेवणं उरकून माणसं पडली. पहाटे मला कुणीतरी हलवलं. “गुर्जी, उठा. तुमच्यावाल्या मांडवात हायेत.”

फाटकाची कडी उघडी होती. ती चंद्रीनं नाकानं वर सरकवून उघडली हे मला नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं आपणच विसरलो. मांडवाचं दृश्य सांगवत नाही. छातीच्या उंचीपर्यंतचे डहाळे गेले होते, नुसते दांडे उरले होते. बोकड मागच्या दोन पायांवर उभा राहून उरलेल्या आंब्याच्या पानांना हात घालत होता. आणि चंद्री मुहूर्तमेढीपाशी शांतपणे रवंथ करत होती. मेढीला सुतळी होती. देवक नव्हतं.

वधूचा बाप मटकन खाली बसला. बायका कुजबुजायला लागल्या. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, देवकच गेलं, आता लग्न लागतं का? दुसरे म्हणाले, नवं बांधा. तिसऱ्यांनी विचारलं, पण देवक एकदा बसलं की उठवतात कसं, खाल्लं तर धरायचं कसं? माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. लोकांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी नुकसान भरून द्यायला तयार होतो, पण देवकाचा दर कुठल्या बाजारात निघतो?

जिजी आली. तिनं मेढीकडं बघितलं, चंद्रीकडं बघितलं, कमरेवर हात ठेवला.

“काय झालं एवढं? देवाचं व्हतं, देवानं मुक्या जिवाच्या तोंडानं खाल्लं. पोचलं म्हणायचं. एवढ्या लवकर कुणाचं पोचतंय?”

सगळे गप्प. मग वधूची आजी म्हणाली, “बराबर हाय.” मग आणखी दोघी म्हणाल्या. दहा मिनिटांत नवी पंचपालवी आली. अकराच्या सुमाराला लग्न लागलं. वऱ्हाडातले एक पाहुणे मला कौतुकानं विचारत होते, तुमच्याकडं शेळीला नैवेद्य द्यायची प्रथा आहे का? मी हो म्हणालो. गांधीजींनी शेळीच्या पळवाटेबद्दल टोचणी लिहून ठेवली, मी लग्नाच्या पंगतीत दोन वेळा बुंदी घेतली.

मृगाचा पाऊस झाला. चार सरी पडल्या आणि बांधावर कोवळं, पोपटी गवत आलं. तोवर दोन शेळ्या विऊन चार करडं झाली होती. त्यातलं एक चंद्रीचं, सगळ्यात मोठं, अंगानं भरलेलं, दिवसभर उड्या. मी रोज हौसेनं त्याला कोवळ्या गवतात मोकळं सोडायचो. एका सकाळी ते पाय झाडत पडलं होतं. डॉक्टर येईतो गेलं. आंत्रविषार. कोवळं गवत एकदम पोटभर मिळालं की आतड्यातले जंतू विष तयार करतात, आणि ज्या करडाला सगळ्यात चांगलं खायला मिळतं तेच आधी जातं. याची लस पावसाळ्याच्या आधी द्यायची असते.

डॉक्टरनं करडावर पोतं टाकलं. “गुरुजी, लस दिली होती?”

“नाही.”

तो काही बोलला नाही. बॅग उघडली, उरलेल्या तिघांना आणि मोठ्यांना सुया टोचल्या, पीपीआर रोगाच्या लसीची तारीख माझ्याच वहीत माझ्याच अक्षराखाली लिहून दिली, हात धुतले, चहा घेतला. एक शब्द त्याला सहज वापरता आला असता. तो मीच त्याला आठवड्याला दोनदा शिकवला होता. गाडीला किक मारताना म्हणाला, “सर, बुधवारी येऊन जातो.”

चंद्री दोन दिवस परसभर ओरडत फिरली. त्या दोन दिवसांत फाटक उघडं होतं आणि ती बाहेर गेली नाही.

दसरा झाला. पहाटे पहाटे रस्त्यावर ट्रॉल्यांचे आवाज सुरू झाले. एका संध्याकाळी जिजीचा मुलगा दारात उभा. “गुर्जी, आवंदा आईला संगं न्यावं म्हणतो. तिचे गुडघे गेलेत, हितं एकटी कशी राहील? पोरगं वसतिगृहात टाकलंय.” मी म्हणालो, चांगलं केलं. तो तसाच उभा. “शेळ्यांचं कसं करावं कळंना.” मग खाली बघत म्हणाला, “गावात पक्कं कुंपण तुमचंच हाय.”

मी त्याला त्या कुंपणाचा इतिहास सांगणार होतो. पण तो सगळा त्यानं आणि त्याच्या मांडवातल्या नातेवाइकांनी डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी तो हे म्हणत होता. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरची माणसं आली, तिसऱ्या दिवशी एक. कुणाच्या दोन, कुणाच्या तीन. प्रत्येकाला आपली शेळी ओळखू यावी म्हणून जिजीनं जायच्या आधी गळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून दिल्या, कुणाला जंताचं औषध कधी ते मला पाठ करून घेतलं, आणि दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी शाळांत हंगामी वसतिगृहं चालतात. मायबाप फडात, लेकरू गावात, शाळा सुटायची नाही. सेवेत असताना पाच वर्षं ते वसतिगृह मी सांभाळलं. धान्याचा हिशेब, आंघोळीच्या पाळ्या, आईची आठवण आली म्हणून रात्री रडणारी पोरं, आणि भिंतीवरून उडी मारून यात्रेला पळणारी पोरं. निवृत्तीनंतर ते सुटलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता.

आता रोज संध्याकाळी मी फाटकाला दुहेरी कडी घालतो, वर सुतळी बांधतो, जुनं हजेरीपुस्तक उघडतो. पुतण्यानं हजाराचं भाकीत केलं होतं. आम्ही अजून एकोणीसवर आहोत, पण त्यातल्या अकरा न विता आल्या, हे त्याच्या व्हिडिओत कुठं नव्हतं. लाल चिंधी, चार, हजर. पिवळी, तीन, हजर. निळी, दोन, हजर. हिरवी, दोन, हजर. आमच्या घरच्या आठ. तिन्ही करडं हजर. बोकड हजर, त्याला मोजायला जवळ जावं लागत नाही. शेळ्या एक, दोन, तीन.

मी वही मिटत नाही. पाचटावर खुरांची खसखस होते. वर न बघताच मी हजेरी लावतो.